तळावरची भागूआत्या

भागूआत्याची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा मला तिचे फक्त पाय दिसले. चाकणच्या बाजारामागे एका कडुनिंबाखाली बैलगाडी उभी होती आणि गाडीखालून दोन पाय बाहेर आलेले होते. टाचांना भेगा, घोट्यावर विटक्या लुगड्याचा काठ. मी चिंचवडहून मुलींच्या शाळेत मास्तरीण म्हणून नुकतीच आले होते. हातातली ट्रंक खाली ठेवून मी विचारलं, "इथं भागीरथीबाई कुठं राहतात हो?"

"उजेड सोडा जरा," गाडीखालून आवाज आला. "चाकाचा आस दिसंना झालाय."

मी बाजूला सरकले. जरा वेळानं कोपरापर्यंत वंगणानं माखलेली एक उंच, काटक बाई सरपटत बाहेर आली, उभी राहिली आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "मीच भागीरथी. पर त्या नावानं मला फकस्त तलाठी हाक मारतो. तुमी नव्या मास्तरीण न्हवं? खोली झाडून ठेवलीय. दोन मिंटं थांबा. या गाडीचं उद्या लगीन हाय."

लग्न अर्थातच गाडीचं नव्हतं. ती गाडी दुसऱ्या दिवशी एका वऱ्हाडात जायची होती. पण भागूआत्याच्या बोलण्यात नेहमी गाडीचंच लग्न असायचं, बैलांचाच मानपान असायचा आणि नवरानवरी त्यांच्याबरोबर आलेली असायची.

त्या काळी पिंपरीकडे कारखान्यांच्या पहिल्या भिंती नुकत्या उठत होत्या. चिंचवडपासून चाकणपर्यंत दोन्ही बाजूंना ज्वारी, भुईमूग आणि कांदा. एसटीची गाडी दिवसातून मोजक्या वेळा यायची आणि तिच्यात वऱ्हाड मावायचं नाही. त्यामुळे लग्नाला जायचं म्हणजे दहा-बारा बैलगाड्या, पन्नास-साठ माणसं आणि दिवसभराची वाट. कधी जुन्नरकडे, कधी तळेगावच्या पुढं मावळात, कधी मोशीवरून खाली चिंचवडला. अशा वाटेवर बैल कुठं सोडायचे, पाणी कुठलं भरायचं, चूल कुठं मांडायची, हे कोणीतरी ठरवावं लागतं. चाकणात ते भागूआत्या ठरवायची. ती कोणाची सख्खी आत्या नव्हती. तिचा नवरा कांद्याच्या गाड्या घेऊन तळेगाव स्टेशनला जायचा. मूलबाळ नव्हतं, म्हणून तीही पंधरा वर्षं त्याच्याबरोबर गाडीवर हिंडली होती. तो गेल्यावर गाडी गेली, बैल गेले, पण वाट तिच्या डोक्यात राहिली.

ती विधवा होती. त्यामुळे हळदीला, देवकाला तिला कोणी बोलवत नसे आणि ती जातही नसे. मांडवाच्या दारापर्यंत वऱ्हाड पोहोचवायचं आणि आपण गाड्यांजवळ बसून राहायचं, असा तिचा शिरस्ता होता. "मांडवात माझं काय काम?" ती म्हणायची. "तिथं काय साप निघतोय का बैल बुजतोय?"

मी तिच्याच घरात भाड्यानं राहत होते आणि माझ्या वर्गातल्या मुलींच्या बहिणींची लग्नं निघाली की मलाही आग्रहाचं बोलावणं यायचं. त्यामुळे पाच-सहा वऱ्हाडांत मी तिला जवळून पाहिलं.

मुक्कामाची जागा आली की बाकीचे लोक सावलीकडे धावायचे. ती आधी माणूस शोधायची. धुणं धुणारी बाई असो, शेळ्यांमागचा म्हातारा असो, त्याच्यापुढं जाऊन हात जोडून एका दमात विचारायची, "दादा, आमी चाकणची माणसं. घटकाभर टेकतो. पाणी कुठलं घेऊ, बैलांना कुठलं पाजू आन बायांनी कुनीकडं जावं?"

तो तिसरा प्रश्न पहिल्यांदा ऐकला तेव्हा मी लाजून पदर तोंडाला लावला. तिनं ते पाहिलं. नंतर कळशी भरताना म्हणाली, "बाई, लाजून इचारलं न्हाई, तर माणसं नगं तिथं जात्यात. मग गाव शिव्या देतं. आपण जातो निघून. पुढलं वऱ्हाड येतं त्याला पाणी मिळत न्हाई."

माणसांचं पाणी भरून झाल्याशिवाय बैल विहिरीजवळ आणू द्यायची नाही. गाड्यांची तोंडं आल्या वाटेला नाही, तर निघायच्या वाटेला करून ठेवायला लावायची. चूल वाऱ्याच्या खालच्या अंगाला, कडबा वरच्या अंगाला. एकेका म्हातारीच्या ताब्यात तीन-तीन पोरं. आणि चुलीसाठी दगड आणायचे तर कोणीही दगडाला हात लावायचा नाही; आधी काठीनं तो उलटायचा, मोकळ्या जागेत ढकलायचा आणि मगच उचलायचा. नवीन माणूस हसायचा. ती हसू द्यायची, पण काठी हातात दिल्याशिवाय सोडायची नाही. निघताना चुलीवर पाणी ओतून झालं की ती राखेवर स्वतःचा तळहात ठेवायची. ठेवता आला तर गाड्या हलायच्या, नाही तर आणखी एक कळशी. "आपण हितं व्हतो," ती म्हणायची, "हे फकस्त शेणावरनं कळावं."

एकदा मी शाळेच्या वहीत तिचे हे सगळे नियम लिहायला बसले. तिनं वाकून बघितलं आणि वही मिटली. "लिवू नगा. लिवलं की मान्सं कागद बगत्यात, जमीन बगत न्हाईत."

वऱ्हाड निघताना ती माणसं मोजायची. प्रत्येक गाडीतल्या मोठ्या बाईनं आपला आकडा ओरडायचा आणि आत्यानं तो बोटांवर धरायचा. एका उन्हाळ्यात आम्ही मोशीजवळ इंद्रायणीच्या काठी आमराईत थांबलो होतो. शेजारीच दुसरंही एक वऱ्हाड उतरलं होतं, ते आळंदीला चाललेलं. जेवणं झाली, दोन्हीकडचे वडीलधारे झाडांखाली, गाड्यांखाली जागा मिळेल तिथं आडवे झाले. उन्हं कलली तशी दोन्ही वऱ्हाडं उठली. आकडे ओरडून झाले. बावन्न आलो होतो, बावन्न भरले. गाड्या हलल्या. आत्या नेहमीप्रमाणे थोडं अंतर गाड्यांच्या बाजूनं चालत होती. तिसऱ्या गाडीपाशी ती थबकली.

"थांबवा!"

"का गं आत्या? बावन्न झाले की," गाडीवान म्हणाला.

"आकडा बरूबर हाय. माणूस चुकलाय."

तिसऱ्या गाडीत उपरण्यानं तोंड झाकून एक गृहस्थ झोपले होते. आम्ही सगळे त्यांना नवऱ्या मुलाचे गणपतकाका समजत होतो. आत्यानं त्यांच्या पायांकडे बोट केलं. "आपल्यात एवढं झ्याक जोडं कुनाचं हाय?"

सगळ्यांनी आधी स्वतःच्या पायांकडे पाहिलं. मग उपरणं बाजूला केलं, तर आत झुपकेदार मिशांचे एक अनोळखी आजोबा. ते डोळे चोळत उठून बसले आणि म्हणाले, "आली का आळंदी?"

आमचे गणपतकाका तेवढ्यात घोरत घोरत आळंदीच्या वाटेला लागले होते. दोन पोरगे पळाले, तिकडची गाडी थांबवली आणि रस्त्याच्या मधोमध दोन म्हाताऱ्यांची अदलाबदल झाली. त्यांनी एकमेकांना मिठी मारली, तंबाखू खाल्ली आणि ओळख वाढवली ती इतकी, की दोन वर्षांनी एकाची नात दुसऱ्याच्या घरात दिली. त्या लग्नाच्या वाटेवर आत्यानं दोघांच्याही अंगठ्याला सुतळी बांधून ठेवली होती. एकाची लाल, एकाची पांढरी.

पण तिचा अंदाज नेहमीच बरोबर निघायचा असं नाही. वैशाखात एकदा आमचा तळ भामा नदीच्या कोरड्या पात्रात पडला होता. थंडगार वाळू, काठाची सावली. पत्रावळी मांडल्या, आमटी वाढली आणि आत्या डोंगराकडे बघत उभी राहिली. तिकडे एक काळा ढग टेकला होता.

"उठा," ती म्हणाली.

"अगं, पहिला घास तर घेऊ दे!"

"वर जाऊन घ्या. उठा म्हणते ना!"

पन्नास माणसं हातात पत्रावळी घेऊन काठ चढली. आमटी बायकांच्या लुगड्यांवर सांडली, एका व्याह्याचा पाय मुरगळला, भाताचं तपेलं कलंडलं. वर उन्हात बसून सगळ्यांनी जेवण केलं आणि खाली बघत राहिले. तास गेला, दोन तास गेले. ढग गेला निघून. नदीत चिमणीला पुरेल एवढंही पाणी आलं नाही. हळद उशिरा लागली आणि मुलाकडच्यांनी चार गोष्टी ऐकवल्या. त्यानंतर कितीतरी दिवस बाजारातली पोरं तिला बघितलं की ओरडायची, "आत्या, पूर आला!"

एकदा मी न राहवून म्हटलं, "तुम्हाला राग नाही येत?"

"कशाचा? न्हाई आला ते बरंच झालं की वो. यायला पायजे व्हता का?" मग सुपातले गहू पाखडत ती म्हणाली, "शंभरदा उठवीन. नव्याण्णवदा हसू द्या."

तिच्या नवऱ्याचं काय झालं, हे मला तिनं कधी सांगितलं नाही. शेजारच्या लोहारणीनं सांगितलं. तळेगावच्या वाटेवर दुपारी गाड्या सोडल्या होत्या, भाकरी भाजायच्या होत्या, आणि तो चुलीसाठी दगड उचलायला गेला. दगडाखाली नाग होता. आत्या तेव्हा दहा पावलांवर पीठ मळत बसली होती. हे ऐकल्यानंतर वऱ्हाडात कोणी काठी न घेता दगडाकडे गेलं तर आत्याच्या आधी मीच ओरडायला लागले.

आता सुमनच्या लग्नाची हकीकत. सुमन म्हणजे धोंडिबा शेतकऱ्याची थोरली मुलगी. तिची धाकटी बहीण मंदा माझ्या वर्गात तिसरीला होती. लग्न मुलाच्या गावी, तळेगावच्या पुढं मावळात. सुमनचे मामा, दिनकरराव, पुण्यात कुठल्याशा कचेरीत होते. ते आदल्या दिवशीच आले, मनगटावर घड्याळ आणि खिशात एक कागद घेऊन. कागदावर सगळा प्रवास लिहिलेला : सात वाजता प्रस्थान, साडेअकराला विश्रांती, एक वाजता पुढं.

सकाळी गाड्या जुंपल्या. आत्या नेहमीसारखी सगळ्यांच्या पुढं उभी राहून एकेका गाडीच्या गाठी तपासत होती. मामांनी तिला पाहिलं आणि धोंडिबांना बाजूला घेतलं. बाजूला म्हणजे असं, की सगळ्यांना ऐकू यावं.

"ही कोण पुढं उभी? शुभकार्याला निघताना पहिलं दर्शन हिचं घ्यायचं?"

"मामा, ती आत्या हाय. ती गाड्या बघती," धोंडिबा म्हणाले.

"गाड्या बघायला मी आहे. मुलीचं लग्न आहे, धोंडिबा! काही रीतभात आहे की नाही?"

धोंडिबा खाली बघत राहिले. मुलीचा बाप, त्यात मामाचा मान. बाकीचे आपापल्या गाडीत चढू लागले. वर्गात मुलींना मोठमोठे धडे देणारी मी, त्या दिवशी माझ्या तोंडून एक शब्द निघाला नाही, याची आजही लाज वाटते.

आत्याच्या हातात एक गाठ अर्धी आवळलेली होती. ती तिनं पूर्ण आवळली, ओढून बघितली. "झालं," ती म्हणाली. "जाते मी." आणि ती कडुनिंबाच्या खोडामागं जाऊन उभी राहिली, कोणाला दिसू नये अशी. सुमन गाडीत हुंदके देऊ लागली तसा झाडामागून आवाज आला, "गप बस गं! काजळ फुटंल. जावा आता." मग अगदी हळू, मला, "बाई, मंदीवर ध्यान असू द्या."

आम्ही निघालो. रस्ता रोजचाच होता. इंदोरीच्या अलीकडे रस्त्याला लागून एक प्रचंड वड आहे, खाली काळीशार सावली. मामांनी घड्याळ बघितलं. "साडेअकरा! सोडा गाड्या."

"मामा, जरा पुढं आमराई हाय," गाडीवान म्हणाला. "आत्या तिथं सोडती."

"साडेअकरा म्हणजे साडेअकरा."

सुमननं गाडीच्या छपराखालून मान बाहेर काढली. "मामा, आत्या म्हणते बसायच्या आधी वर बघावं. ते वर काळं काय लोंबतंय?"

"सावली आहे बाळ, सावली," मामा म्हणाले आणि चूल पेटवायला सांगितली.

लाकडं ओली होती. धूर सरळ वर गेला. मला आधी ऐकू आला तो आवाज, लांबून मोटार यावी तसा. मग कोणीतरी किंचाळलं, "आग्या माश्या!" आणि क्षणात सगळं उधळलं. बैलांनी दावी तोडली, एक गाडी कलंडली, बुंदीची परात मातीत गेली. माणसं हात हलवत वाट फुटेल तिकडे पळत सुटली आणि जी जास्त पळत होती त्यांच्यावर माश्या जास्त तुटून पडत होत्या. मी सुमनला ओढून गाडीखाली घेतलं आणि दोघींवर सतरंजी ओढली. आत अंधार, घाम आणि बाहेर तो घोंगाट. एवढ्यात रस्त्यावरून ओळखीचा आवाज आला :

"पळू नगा! पडा! तोंड झाका आन पडा!"

सतरंजीच्या फटीतून मी पाहिलं. डोक्यावरून घोंगडी घेतलेली आत्या चालत येत होती. धावत नाही, चालत. तिनं काखेतली दुसरी घोंगडी दोन म्हाताऱ्यांवर टाकली, तिसरी एका रडणाऱ्या पोरावर. मग चुलीशी जाऊन घागर ओतली, वर माती लोटली. धूर बसला. कोणाला हाताला धरून खाली दाबलं, कोणाला पाय लावून पाडलं. सगळा तळ हळूहळू आडवा झाला. कापडाचे ढीग पडलेत असं दिसत होतं. किती वेळ गेला कोण जाणे. घोंगाट उतरत उतरत वर फांदीत गेला.

"हळू उठा. कापडं झटकू नगा. वडापास्नं लांब, त्या बांधाकडं चला," आत्या म्हणाली. बांधावर जाऊन तिनं मोजायला सुरुवात केली. तिचं बोट शेवटाला आलं आणि थांबलं.

"एक कमी हाय."

मंदा नव्हती. जिच्यावर ध्यान ठेवायला मला सांगितलं होतं, ती. सुमन तिला हाका मारत सुटली. आत्यानं हाक मारली नाही. माझा दंड धरून विचारलं, "रडू नगा. शेवटची कुनीकडं दिसली?"

"तिकडं... नांगरटीकडं पळाली."

आम्ही दोघी नांगरलेल्या रानात शिरलो. ढेकळांतून चालणं कठीण. दोन शेतं ओलांडली आणि नांगराच्या एका सरीत मला निळा परकर दिसला. मंदा पालथी पडली होती, परकर डोक्यावरून ओढलेला, हात पोटाखाली. हलत नव्हती. मला पुढं जाववेना. आत्या गेली, तिच्याशेजारी गुडघ्यांवर बसली आणि म्हणाली, "मंदे."

परकराच्या आतून बारीक आवाज आला, "मी हलत नाहीये, आत्या. तू सांगितलं होतंस ना, मोहळ उठलं की हलायचं नाही."

आत्या हसली. मोठ्यांदा हसली, आणि मग तिथंच ढेकळांत बसून राहिली. तिच्या दंडावर, मानेवर कितीतरी गांधी उठल्या होत्या, त्या तिला तेव्हा दिसल्या. मंदाला फक्त घोट्यावर दोन.

बांधावर परतलो तर सगळ्यांत वाईट अवस्था मामांची. ते शेवटपर्यंत उभे राहून सगळ्यांना सूचना देत होते. चेहरा भोपळ्यासारखा, एक डोळा बंद, ओठ जाड. कोणीतरी चिमट्यानं काटे ओढत होतं, तो हात आत्यानं बाजूला केला. "चिमट्यानं इख आत दाबतं. नखानं खरवडायचं." ती त्यांच्यापुढं बसली आणि एकेक काटा खरवडून काढून चुना लावू लागली. मामा लहान पोरासारखे मान पुढं करून बसले होते.

"आत्याबाई," ते कसंबसं म्हणाले, "माझं जरा..."

"बोलू नगा. व्हट सुजल्यात," आत्या म्हणाली.

ती आली कशी, हे मी नंतर विचारलं. आम्ही निघाल्यावर तळेगाव स्टेशनला जाणारी एक कांद्याची गाडी तिनं गाठली होती आणि गावातल्या तीन घोंगड्या गोळा करून तिच्यात बसली होती. "तुम्हाला नको म्हटलं होतं ना?" मी म्हटलं. "मी वऱ्हाडात कुठं व्हते?" ती म्हणाली. "मी कांद्यात व्हते. रस्ता सरकारचा हाय."

बैल गोळा झाले, गाडी सरळ केली. निघताना मामांनी पुढच्या गाडीतली आपली वळकटी उचलली आणि तिथं बसायची आत्याला खूण केली. आत्यानं मान हलवली. "नगं. मागली गाडीच बरी. मागनं समदं दिसतं."

लग्न लागलं, मुहूर्त सांभाळला गेला. सुमनच्या मागं मामा उभे होते ते तोंडाचा भोपळा घेऊन, आणि मुलाकडची पोरं अक्षता टाकायचं सोडून त्यांच्याकडेच बघत होती. आत्या मांडवात आली नाही. ती लांब गाड्यांपाशी बसली होती. पहिली पंगत उठली तेव्हा मी तिच्यासाठी ताट वाढून घ्यायला गेले, तर आचारी म्हणाला, एक ताट आत्ताच नेलंय. मी मांडवाच्या कडेला येऊन पाहिलं. मामा स्वतः ताट घेऊन गेले होते आणि जमिनीवर टेकवलेल्या गाडीच्या जुवावर बसले होते. दोघं एकाच ताटात जेवत होते. मामांना तोंड उघडता येत नव्हतं, म्हणून आत्या लाडू कुस्करून त्यांच्यापुढं सारत होती. काय बोलत होते ते ऐकू आलं नाही. मी तिकडे गेले नाही.

पुढं माझं लग्न झालं, चिंचवडच्या शाळेत बदली झाली. वऱ्हाडं ट्रकनं जाऊ लागली आणि आत्या घरीच असायची, असं कळायचं. शेवटची दिसली ती चिंचवडलाच. मला भेटायला म्हणून ती चाकणहून एका भाजीच्या गाडीत बसून आली, दोन दिवस राहिली आणि तिसऱ्या दिवशी सकाळी परत निघाली. तिला गाडीपर्यंत पोहोचवून मी शाळेला जाणार होते. वाटेत स्टेशनच्या बाजूला एका नव्या कारखान्याचं काम चाललं होतं आणि मोकळ्या माळावर आदल्याच दिवशी आलेली मराठवाड्याकडची काही कुटुंबं उतरली होती. बोचकी, हंडे, पोरं सगळं उघड्यावर. आत्या वाट सोडून त्यांच्यात शिरली ती शिरलीच. मी दोनदा हाक मारली. शाळेची घंटा व्हायची वेळ झाली होती, म्हणून मी लांबूनच हात हलवला आणि निघाले.

वळणावर हसण्याचा गलका ऐकू आला म्हणून मागं पाहिलं. बाभळीच्या फांदीला कोणीतरी तान्ह्या पोरासाठी लुगड्याची झोळी बांधली होती आणि फांदी भार घेते की नाही हे बघायला आत्या स्वतःच त्या झोळीत बसली होती. "अवो आजी, तुटंल की!" एक बाई ओरडत होती. "तुटली तर माझ्याच बुडाखाली तुटू दे!" आत्या म्हणाली, आणि ते तान्हं पोर मांडीवर घेऊन, दोन्ही पाय जमिनीवरून उचलून, तिनं एक मोठा झोका घेतला.